रेंज नसलेल्या वर्गाच्या नोंदी : मार्च २०२० ते एप्रिल २०२१

दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. टाळेबंदीत दुसऱ्या वर्षाचा वर्ग फोनवरून चालवायचा ठरलं, तेव्हापासून एका वहीत रोजचं लिहीत गेले. त्यातलं जे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल ते इथे उतरवलं आहे. खर्च आणि वाया गेलेला वेळ वहीत आहे तसाच ठेवला आहे.

१७ मार्च २०२०

कॉलेज ३१ तारखेपर्यंत बंद. दुसऱ्या वर्षाला २६ मुलं. प्रकाशशास्त्रातला व्यतिकरणाचा धडा संपला, विवर्तनाचा अर्धा राहिला. निघताना मुलांना म्हटलं, पंधरा दिवसांनी भेटूच. वह्या तपासायला घरी आणल्या आहेत, म्हणजे आता मुलांकडे स्वतःच्या टिपणांची वहीही नाही. हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले.

२७ मार्च

झूमवर पहिलं लेक्चर. ११ जण आले. मोफत खात्याची मर्यादा ४० मिनिटांची, त्यातली पहिली १४ मिनिटं "आवाज येतोय का" विचारण्यात गेली. फळा म्हणून कपाटाच्या दारावर कागद चिकटवले होते, ते कुणालाच नीट दिसले नाहीत. शेवटी सहा जण उरले. उरलेल्या सहांत चौघं दापोली शहरातली, एक खेडचा, एक मुंबईत मामाकडे अडकलेली. गावात असलेलं एकही मूल शेवटपर्यंत टिकलं नाही.

२ एप्रिल

कुणाकडे काय साधन आहे ते कळावं म्हणून मी गूगल फॉर्म पाठवला होता. १३ उत्तरं आली आणि तेराही जणांनी "इंटरनेट आहे" असं लिहिलं. त्यावर विसंबून मी प्राचार्यांना सांगितलं की परिस्थिती बरी आहे. ज्याच्याकडे नेट नाही तो नेटवरचा फॉर्म भरणार कसा, एवढा साधा विचार मी केला नाही.

मग हजेरीपट घेऊन बसले आणि एकेकाला फोन लावला. दोन दिवस गेले. खरं चित्र असं :

स्वतःचा स्मार्टफोन १२ जणांकडे. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांकडे किंवा भावाकडे, असे ८. साधा बटणांचा फोन ४. दोघांशी संपर्कच नाही.

ज्या आठ जणांच्या घरी एकच फोन आहे, त्यांना तो रात्री जेवणं झाल्यावर मिळतो. सकाळी अकराचं लेक्चर त्यांच्यासाठी नव्हतंच. दुसऱ्या कुणी हे काम हाती घेतलं तर आधी फोन करा, फॉर्म नको. आणि "नेट आहे का" एवढंच विचारून थांबू नका. फोन कुणाचा, हातात किती वाजता येतो, रेंज घरात आहे की बाहेर जावं लागतं, हेही विचारा.

९ एप्रिल

विवर्तनाचं पूर्ण लेक्चर रेकॉर्ड केलं. ४७ मिनिटांची फाइल, ६०० एमबीच्या वर. अपलोड रात्री दहाला लावलं, पहाटे चारला ८२ टक्क्यांवर तुटलं. परत लावलं. चढलं, पण बघितलं पाच जणांनी. एका मुलीने सांगितलं, "मॅडम, दिवसाचा दीड जीबी घरात तिघांना पुरवायचा असतो. तुमचं लेक्चर लावलं की दादाचं काम थांबतं."

नऊ तास वाया गेले. थेट लेक्चरही सोडलं, लांब व्हिडिओही सोडला.

१४ एप्रिल

आता पद्धत बदलली. एका धड्याचे तीन-चार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला हाताने लिहिलेली दोन पानं आणि त्या पानांवर बोट ठेवून बोलल्यासारखा आठ मिनिटांचा ऑडिओ. व्हिडिओ फक्त जिथे काही हलताना दाखवायचं असेल तिथेच.

यात चुकलेल्या गोष्टी :

ऑडिओ आधी व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून पाठवले. गटात शुभेच्छा, बातम्या, शंका यांच्यात ते हरवले. तिसरा आधी ऐकला, पहिला ऐकलाच नाही, असं होऊ लागलं. मग फोनच्या रेकॉर्डरवर बोलून, फाइलला "विवर्तन-०२-पान३-४" असं नाव देऊन पाठवायला लागले. गटात मुलांना लिहिता येणार नाही असं सेटिंग केलं आणि शंकांसाठी वेगळा गट काढला. एवढ्यानेच निम्मा गोंधळ संपला.

पानं बॉलपेनने लिहिली होती, फोटोत फिकी आली. आता काळं स्केचपेन आणि एका पानावर बारा ओळींच्या वर नाही. फोटो तसाच न पाठवता स्कॅनच्या ॲपमधून पीडीएफ. चार पानं एक एमबीच्या आत बसतात.

व्हिडिओसाठी फोन वरून खाली बघेल असा धरायचा होता. बाजार बंद, स्टँड मिळणार कुठे? स्वयंपाकघरातले धान्याचे दोन उंच डबे घेतले, त्यांच्यावर पाट आडवा टाकला, फोनचा कॅमेरा पाटाच्या कडेबाहेर येईल असा ठेवला आणि वरून रबर लावलं. खाली कागद आणि माझा हात. वर्षभर हेच वापरलं. पुढे विकत आणलेला साडेपाचशेचा स्टँड याच्याइतका स्थिर राहिला नाही.

व्हॉट्सॲपवर तेव्हा व्हिडिओ १६ एमबीच्या वर जात नव्हता. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून उंची ३६०, सेकंदाला १२ चौकटी, आवाज मोनो असं केलं की आठ मिनिटांचा तुकडा १४ एमबीत बसतो. हात आणि कागदच दिसायचा असतो, चेहरा नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

रेकॉर्डिंग पहाटे साडेपाचला. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि एप्रिलमध्ये सातनंतर पंख्याशिवाय बसवत नाही. कॉलर माइक मे महिन्यात मिळाला, ७५० रुपये. या सगळ्यात आवाजावर केलेला खर्च सर्वांत कामाचा ठरला.

५ मे

बटणांच्या फोनवाले चौघं अजून बाहेरच होते. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सुरू केल्या.

एक, रात्री साडेआठला साधा कॉन्फरन्स कॉल. मी लावायचा, म्हणजे त्यांना खर्च नाही. माझ्या फोनवर एका वेळी पाच जणांना जोडता येतं. वीस मिनिटं. पानं त्यांच्या हातात असली तरच याचा उपयोग, म्हणून दुसरं : पानांच्या झेरॉक्स. दुकान सकाळी दोन तास उघडतं. ४० पानांचा एक संच ६० रुपयांना पडतो. भाजीच्या टेम्पोला पास आहे, तो केळशीपर्यंत जातो. टेम्पोवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत. पाकिटावर गाव, वाडी, वडिलांचं नाव लिहायचं. मुलांचं कॉलेजातलं नाव वाडीत कुणाला माहीत नसतं. पहिलं पाकीट याच कारणाने चार दिवस किराणा दुकानात पडून राहिलं.

संपर्क नसलेल्या दोघांपैकी एक सापडला. वडील मुंबईहून चालत आले होते, सगळं घर विलगीकरणात शाळेत होतं. त्याने विचारलं, "मॅडम, माझी हजेरी गेली का?" हजेरी या काळात लावायचीच नाही असं मी त्या दिवशी ठरवलं. विभागात याला विरोध झाला. मी मागे हटले नाही. हजेरीऐवजी आठवड्याला प्रत्येकाशी एक फोन, आणि वहीत त्याच्या नावापुढे काय बोलणं झालं त्याची एक ओळ.

११ जून

३ तारखेला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमचा पट्टा त्याच्या तावडीत सापडला. तीन-चार तासांत डोळ्यांसमोर आंबा, काजू, पोफळी आडव्या झाल्या. विजेचे खांब रस्त्यावर. टॉवर बंद. ही नोंद मेणबत्तीच्या उजेडात लिहिते आहे, वीज आली की टाइप करेन.

वादळानंतर आज पहिल्यांदा कॉलेजात जाता आलं. प्रयोगशाळेवरचे पत्रे उडाले आहेत. स्पेक्ट्रोमीटरच्या पेट्यांत पाणी. आमचे प्रयोगशाळेतले काका एकटेच सकाळपासून भिंगं पुसून वर्तमानपत्रावर मांडत होते. त्यांच्या स्वतःच्या घरावर कौल राहिलेलं नाही. मी म्हटलं, काका, घरचं बघा आधी. ते म्हणाले, "घराला कौलं मिळतील हो. ही ग्रेटिंगं कोण देणार परत?" मग मीही बसले. काचेच्या ग्रेटिंगला, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीला, बोट लावायचं नाही, कडेने धरून नुसतं वाळू द्यायचं. ११ पैकी ७ वाचली.

माझा लॅपटॉप स्टाफरूमच्या कपाटात होता, तोही भिजला. एप्रिल-मेमधले ३१ ऑडिओ आणि ९ व्हिडिओ त्याच्यातच. दुसरी प्रत नाही. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिथून मी पुसले होते. ही या वर्षातली माझी सर्वांत मोठी चूक.

२९ जून

मुलांची घरं कशी आहेत ते कळायला दोन आठवडे लागले. २६ पैकी ९ घरांची छपरं गेली. शिकवणं पूर्ण बंद आहे, ते तसंच ठेवलं. काही जण विचारत होते की पानं कधी पाठवता. बाकीचे ताडपत्री शोधत होते. जे पुढे जाऊ शकतात त्यांना पुढे नेलं असतं तर उरलेले कायमचे मागे पडले असते, म्हणून थांबले.

आज आंजर्ल्याच्या बाजूच्या एका मुलाचा फोन आला. रेंजसाठी तो सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढून आला होता. लॅपटॉपचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "मॅडम, माझ्या फोनमध्ये सगळे आहेत. एकही डिलीट केलेला नाही." फाइल लहान म्हणून त्याने ठेवून दिल्या होत्या. दोघी मुलींकडे आणखी काही निघाल्या. तिघांचं जमवून ३१ पैकी ३० ऑडिओ आणि ९ पैकी ७ चालण्याजोगे व्हिडिओ परत आले. फाइलच्या नावात क्रमांक असल्यामुळे काय आहे आणि काय नाही ते लगेच कळलं. मला फोन ठेवल्यावर रडू आलं, तेही इथे लिहून ठेवते.

लॅपटॉप दुरुस्ती ६,४०० रुपये. दोन पेनड्राइव्ह ९०० रुपये, त्यातला एक आता माझ्या घरी आणि दुसरा काकांच्या घरी राहतो.

२० जुलै

लावणी चालू. सगळी मुलं शेतात. रात्री साडेआठला कॉल लावला तर अर्धे झोपेत बोलतात. महिनाभर नवीन काही शिकवायचं नाही, फक्त जुन्या शंका, असं ठरवलं. इथल्या वर्गात जुलै असाच असतो, कॉलेज उघडं असतानाही बाकं रिकामी राहतात. तेव्हा आम्ही त्याला गैरहजेरी म्हणत होतो.

१४ सप्टेंबर

नवं वर्ष सुरू. नवीन दुसऱ्या वर्षाला २९ मुलं. जुन्या २६ मधली तिघं तिसऱ्या वर्षाला आलीच नाहीत. एकाला लोटे एमआयडीसीत काम लागलं, एकीचं लग्न झालं, आणि तो दुसरा संपर्क नसलेला मुलगा अजून सापडलेला नाही.

प्रॅक्टिकलचं काय, हा प्रश्न सगळ्यांचाच होता. वरून सूचना होती की संगणकावरचे आभासी प्रयोग दाखवा. ते चांगले आहेत, पण त्यात चूक होतच नाही. तारेला पीळ पडत नाही, धागा ताणत नाही. म्हणून लोलकाचा (पेंड्युलमचा) प्रयोग घरी करायला दिला.

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. एकदा उतरवलं की नेट लागत नाही. फोनमधल्याच सेन्सरने ते मोजमापं घेतं. मी मुलांना सांगितलं की फोन पिशवीत घालून धाग्याला टांगा आणि झुलवा, ॲप आंदोलनाचा काळ सांगेल. माझ्या घरी छान झालं होतं. एका मुलीच्या घरी गाठ सुटली, फोन शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला आणि काच तडकली. घरातला एकमेव फोन. तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिच्या भावाने मला कळवलं. काचेचे १,८०० रुपये मी दिले. तिच्या वडिलांशी बोलताना मला शब्द सुचत नव्हते. घरात एकच फोन असलेली मुलं माझ्या यादीत होती, यादी माझ्याच हाताने केली होती, तरी हा प्रयोग लिहिताना मी ती उघडून पाहिली नाही.

त्याच रात्री सूचना पाठवली : फोन कुणीही टांगायचा नाही. धागा आणि दगड. वेळ कुठल्याही फोनच्या स्टॉपवॉचवर. बटणांच्या फोनमध्येही ते असतं, म्हणजे हा प्रयोग सगळ्यांना सारखाच करता आला. लेसरचा प्रयोगही यादीतून काढला, घरात लहान मुलं असतात.

३ ऑक्टोबर

लोलकाची उत्तरं आली. त्यातून काढायचं गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, आपल्या अक्षांशावर सुमारे ९.७९ मीटर/सेकंद² यायला हवं. मुलांची उत्तरं ८.८ पासून ९.५ पर्यंत. सगळी कमीच. एखाद-दुसरं जास्त आलं असतं तर हाताची चूक म्हणून सोडून दिलं असतं, पण सगळी एकाच बाजूला म्हणजे चूक पद्धतीत होती.

केळशीच्या मुलाला फोनवरच विचारत गेले. धागा किती? ५० सेंटिमीटर. कुठून कुठपर्यंत? खिळ्यापासून दगडाच्या गाठीपर्यंत. दगड केवढा? वीतभर नाही, पण मुठीएवढा, आठ सेंटिमीटर. वीस आंदोलनांना २९.५ सेकंद. त्यावरून उत्तर ९.०७. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे चार सेंटिमीटर त्याने मोजलेच नव्हते. प्रयोगशाळेत गोल पितळी गोळा असतो आणि त्याची त्रिज्या जर्नलात छापलेलीच असते, म्हणून हा प्रश्न कधी उठत नाही. वेड्यावाकड्या दगडाचा मध्य कुठे?

उपाय असा : धागा ३०, ५०, ७०, ९० सेंटिमीटर करून चार वेळा काळ मोजा. गाठीपर्यंतचीच लांबी घ्या. काळाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढा. दगडाचा मध्य कुठेही असला तरी तो चारही वेळा तेवढाच चुकतो, त्यामुळे रेघ नुसती सरकते, तिचा चढ बदलत नाही. उत्तर चढावरून काढा. आलेख कागद नव्हते, चौकटीच्या वहीवर काढले.

त्या मुलाचं नवं उत्तर ९.७४. त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. रेघ मागे वाढवून ती लांबीच्या अक्षाला कुठे छेदते ते पाहिलं आणि लिहिलं, "दगडाचा मध्य गाठीच्या खाली ४.२ सेंटिमीटर." चौदा वर्षांत प्रयोगशाळेतल्या एकाही जर्नलात मी हे वाक्य वाचलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच असा निर्णय दिला, आणि या महिन्यात ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा झाल्या. थोडक्यात लिहिते. सराव चाचणी आदल्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर आधी घ्या. आमच्या सराव चाचणीत सात जणांना आतच जाता आलं नाही आणि दुरुस्तीला एकच रात्र मिळाली. सड्यावर खोपटं बांधून बसू असं तिघं म्हणत होती. परतीच्या पावसात विजा पडतात, उघड्या सड्यावर मूल बसवायचं नाही. वरच्या गावातल्या शाळेची एक खोली मागून घेतली, तिथे रेंज होती. बॅटरी काकांनी मोटारसायकलवर नेली.

२२ फेब्रुवारी २०२१

१५ तारखेपासून निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली. आज पहिली तुकडी प्रयोगशाळेत. छपरावर नवे पत्रे आहेत.

मुलं स्पेक्ट्रोमीटरला हात लावायला बिचकतात. व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाची सरकती पट्टी, कधी पाहिलेलाच नाही, वाचता येईना. ते घरून शिकवता येत नाही. मी चित्रं काढून पाठवली होती, उपयोग शून्य. चार शनिवार जादा लावले. पण वाचन घेताना ही मुलं तिसऱ्यांदा घेतात, न सांगता. आणि उत्तर पुस्तकाप्रमाणे आलं नाही की खोडत नाहीत, मला हाक मारतात.

६ एप्रिल

कालपासून पुन्हा निर्बंध. वर्ग बंद.

या वेळी आधीच तयारी केली होती. मार्चमध्येच प्रत्येकासाठी एक कापडी पिशवी भरून ठेवली : एक बहिर्वक्र भिंग, दोन मीटरची टेप, एक स्प्रिंग, धागा, दहा आलेख कागद आणि पहिल्या दोन धड्यांची झेरॉक्स. एका पिशवीला १६५ रुपये पडले. निम्मे विभागातून, निम्मे आम्ही तिघा शिक्षकांनी घातले. डेडस्टॉकच्या, म्हणजे विभागाच्या सामानाच्या, वहीत नावापुढे सही.

शनिवारी संध्याकाळपर्यंत २९ पैकी २६ पिशव्या गेल्या. एक मंडणगडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे, मुलाचे वडील स्टँडवर घेतील. दोन टेबलावर आहेत. त्यातल्या एका मुलीचा फोन तीन दिवस लागत नाही. वाडीतल्या अंगणवाडीताईंचा नंबर मिळाला आहे, त्या दुपारी दोननंतर उचलतात.